शेजाऱ्यांनी भरलेला गोठा : प्रोव्हान्सच्या सांतोंची कहाणी

नाताळ आठ-दहा दिवसांवर आला, की घराघरांतील माळ्यावरून एक जुने खोके खाली उतरते. वर्तमानपत्राच्या पिवळ्या पडलेल्या कागदांत गुंडाळलेली पवित्र मरिया, संत योसेफ, बैल, गाढव, एक कान उडालेले मेंढरू आणि तीन राजे एकेक करून बाहेर येतात. मुले त्यांची शिरगणती करतात आणि थोर माणसे डिंकाची बाटली शोधू लागतात. या मूर्ती आपण वर्षानुवर्षे हाताळीत आलो आहोत. त्या कोणत्या बाजारातून आणल्या, हे आपल्याला बहुधा आठवते. परंतु त्या कोणी घडविल्या, हे आपण कधी विचारलेले नसते. गोठा मांडणाऱ्याचे कौतुक होते, मूर्ती घडविणाऱ्याची आठवणही राहत नाही.

जगाच्या पाठीवर एक प्रदेश मात्र असा आहे, की जेथे गोठ्यातील बोटभर उंचीच्या मूर्तीलाही स्वतःचा धंदा असतो, स्वभाव असतो आणि ती घडविणाऱ्या कारागिराचे नाव गावाला ठाऊक असते. तो प्रदेश म्हणजे फ्रान्सच्या दक्षिणेस भूमध्य समुद्राला लागून असलेला प्रोव्हान्स. तेथील या मातीच्या मूर्तींना 'सांतों' म्हणतात. प्रोव्हान्सच्या लोकभाषेतील मूळ शब्द 'सांतून'. त्याचा अर्थ 'छोटा संत'. नवल असे, की या छोट्या संतांपैकी बहुतेक जण संत नाहीतच! कोणी कोळीण आहे, कोणी पिठाच्या गिरणीचा मालक, कोणी चाकूसुऱ्यांना धार लावणारा, तर कोणी लसणाच्या माळा विकणारी बाई. या साध्या माणसांना गोठ्यात जागा आणि 'संत' ही पदवी कशी लाभली, ते आम्ही येथे सांगू इच्छितो.

गोठ्याच्या इतिहासाचा आरंभ आपण असिसीच्या संत फ्रान्सिसपासून करतो. १२२३ सालच्या नाताळात इटलीतील ग्रेच्चो या डोंगराळ गावी त्यांनी आपल्या योहान नावाच्या मित्राकडून एक गव्हाणी, थोडे गवत, एक बैल आणि एक गाढव एवढीच सिद्धता करवून घेतली. तेथे मूर्ती नव्हत्या. गव्हाणीवरच मिस्सा अर्पण करण्यात आली, आणि दीक्षेने उपगुरू असलेल्या फ्रान्सिसांनी शुभवर्तमान गाऊन प्रवचन केले. मशाली घेऊन जमलेले गावकरी हेच त्या रात्रीचे मेंढपाळ होते. त्यांचे चरित्रकार सेलानोचे थॉमस पुढे असेही नोंदवितात, की त्या गव्हाणीतील गवत लोकांनी जपून ठेवले आणि ते खाऊन आजारी गुरे बरी झाली. म्हणजे पहिल्या गोठ्याचा प्रसाद गोठ्यातील जनावरांनाच मिळाला! या घटनेतील एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. फ्रान्सिसांनी बेथलेहेमची हुबेहूब प्रतिकृती उभी केली नव्हती. त्यांनी ग्रेच्चोलाच बेथलेहेम केले होते.

पुढील शतकांत मात्र गोठा हळूहळू श्रीमंत होत गेला. अठराव्या शतकात नेपल्सच्या राजदरबारी त्याचे वैभव शिगेला पोहोचले. तेथील मूर्तींचे मस्तक भाजलेल्या मातीचे, डोळे काचेचे, अंग तारेचे व तागाचे आणि वस्त्रे रेशमाची असत. बोर्बोन घराण्यातील राजा चार्ल्स याला या कलेचा मोठा छंद होता आणि नामांकित शिल्पकार त्यासाठी काम करीत. त्या गोठ्यांत बाजार होता, खानावळी होत्या, भिकारीही होते. परंतु ते सारे पाहायला राजवाड्यात किंवा मोठ्या मंदिरात जावे लागे. प्रोव्हान्समध्येही मंदिरांतून मोठे गोठे मांडले जात, आणि काही घरांतून मेणाचे, लाकडाचे, काचेच्या तंतूंचे छोटे गोठे असत. सामान्य कुटुंबाला ते परवडणारे नव्हते.

आणि मग १७८९ साली फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली. आरंभी ख्रिस्तसभेची मालमत्ता जप्त झाली. १७९० साली धर्मगुरूंवर सरकारी निर्बंध आले. आणि १७९३ च्या हिवाळ्यात ठिकठिकाणची मंदिरे बंद होऊ लागली. घंटा उतरवून वितळविल्या गेल्या. पॅरिसच्या नोत्र-दाम मंदिरात त्या वर्षी १० नोव्हेंबर रोजी 'बुद्धिदेवते'चा उत्सव साजरा झाला. नवी दिनदर्शिका आली, तीत आठवडा दहा दिवसांचा झाला आणि रविवार नाहीसा झाला. त्या दिनदर्शिकेत संतांच्या सणांऐवजी प्रत्येक दिवसाला वनस्पती, खनिज, प्राणी किंवा अवजार यांचे नाव दिलेले होते. १७९३ चा २५ डिसेंबर हा तीनुसार 'निव्होज' महिन्याचा पाचवा दिवस ठरला, आणि त्या दिवसाचे नाव होते 'कुत्रा'. प्रोव्हान्सचे मुख्य शहर मार्सेय. पॅरिसच्या सत्तेविरुद्ध उठाव केल्याची शिक्षा म्हणून १७९४ च्या आरंभी काही काळ त्याचे नावच काढून घेण्यात आले आणि सरकारी कागदांवर ते 'बिननावाचे शहर' झाले. ज्या शहराला नाव नाही आणि ज्या दिवसाला नाताळ म्हणायचे नाही, त्या शहरात त्या दिवशी मध्यरात्रीची मिस्सा आणि मंदिरातील गोठा कोठून असणार?

पण जे मंदिरात करता येत नव्हते, ते दार लावून घरात करता येत होते. येथे आपल्या कहाणीत झाँ-लुई लान्येल हा मार्सेयचा कारागीर येतो. त्याचा जन्म १७६४ चा, मृत्यू १८२२ चा. त्याने मातीच्या छोट्या मूर्ती प्लास्टरच्या साच्यातून काढण्यास आरंभ केला. ही युक्ती आपल्या वाचकांना नवी वाटणार नाही. पेणच्या गणपतींच्या कारखान्यात शाडूचा गोळा साच्यात दाबून मूर्ती काढताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना लान्येलचे काम डोळ्यांसमोर आणता येईल. प्रथम हाताने मूळ नमुना घडवायचा, त्यावरून दोन अर्ध्या भागांचा साचा करायचा, दोन्ही भागांत ओली माती दाबून ते एकमेकांवर घट्ट बसवायचे, मग मूर्ती अलगद सोडवून सांध्यावरची जास्तीची माती खरवडून काढायची. टोपली, टोपी, पसरलेला हात असे नाजूक भाग वेगळे करून ओल्या मातीने चिकटवायचे. लान्येलच्या काळी मूर्ती भट्टीत भाजीत नसत. नुसती वाळवून रंगवीत. त्यामुळे ती ठिसूळ असे. पण माती पायाखालची, भट्टीचा खर्च नाही आणि एका साच्यातून अनेक मूर्ती निघतात, म्हणून ती स्वस्त होती. गोदीवरचा हमालसुद्धा ती विकत घेऊ शकत होता.

क्रांतीने मंदिरे बंद केली म्हणूनच घरगुती गोठा जन्माला आला, असे सरसकट म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. घरगुती गोठे त्यापूर्वीही होते, हे आम्ही वर सांगितलेच आहे. तथापि मंदिराचा आधार तुटला त्या पिढीत गोरगरिबांच्या घरात गोठा आला, आणि तो एकदा आल्यावर पुन्हा बाहेर गेला नाही, एवढे निश्चित. १८०१ साली नेपोलियन व पोप सातवे पायस यांच्यात करार झाला, १८०२ च्या ईस्टरला तो पॅरिसमध्ये जाहीर झाला आणि मंदिरांची दारे पुन्हा उघडली. पाठोपाठ १८०३ साली मार्सेयच्या सेंट लुई रस्त्यावर थोड्या कारागिरांनी आपल्या मूर्ती मांडून विक्री सुरू केली. तोच सांतोंचा पहिला मेळा मानला जातो. त्यानंतर जागा बदलल्या, राजवटी बदलल्या, दोन महायुद्धे झाली, पण मेळ्याची परंपरा टिकली. दोनशेहून अधिक वर्षे लोटली, तरी नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्सेयमध्ये लाकडी खोपटांची ती ओळ लागते. आरंभी कारागीर मंडळी एकत्र मिस्सेला जातात, आणि मगच विक्रीला लागतात.

या मेळ्यात काय मिळते? बाळ येशू, मरियामाता व योसेफ तर मिळतातच. परंतु गिऱ्हाइकांची दाटी असते ती गावकऱ्यांभोवती. ढोल आणि बासरी एकाच वेळी वाजविणारा वादक, कमरेवर हात ठेवून उभी राहिलेली कोळीण, पाठीवर मोळी घेतलेली म्हातारी, आंधळा आणि त्याचा हात धरून चालणारा मुलगा, कमरेला तिरंगी पट्टा बांधलेला गावचा महापौर, आणि ज्याच्याकडे सारे जण संशयाने पाहतात तो भटक्या जमातीचा 'बूमियाँ'ही त्यात आहे. प्रत्येक जण आपल्या कामाची वस्तू बाळासाठी घेऊन चालला आहे. गिरणीवाला पिठाचे पोते आणतो, कोळीण मासळी आणते, मेंढपाळ कोकरू आणतो. सोने, ऊद आणि गंधरस आणणारे राजे फार उशिरा येतात. त्यांच्या आधी गावाने बाळाच्या घरी शिधा पोहोचविलेला असतो.

या सर्वांत प्रोव्हान्सच्या लोकांना अधिक प्रिय आहे तो 'राव्ही'. दोन्ही हात आकाशाकडे उंचावलेला, तोंड उघडे राहिलेला असा हा गावातला भोळा. त्याच्याविषयी एक लोककथा सांगतात. सारे गाव भेटी घेऊन आले, राव्हीचे हात मात्र रिकामे. तेव्हा इतरांनी त्याला हिणविले, की तू काहीच आणले नाहीस. त्यावर मरियामातेने त्याची बाजू घेतली. आनंदाने थक्क होणे हीच तुझी देणगी, असे त्याला सांगितले. आम्हांला ही कथा साधी वाटत नाही. गावात ज्याची टवाळी होते, त्याला गोठ्यातून कोणीही उठवून लावू शकत नाही, हा निवाडा लोकांनीच आपल्या कथेतून देऊन ठेवला आहे.

मातीच्या या माणसांना पुढे वाचाही फुटली. १८४४ साली आंत्वान मोरेल याने मार्सेयमध्ये प्रोव्हान्साल भाषेत एक नाताळनाट्य लिहिले. 'पास्तोराल मोरेल' या नावाने ते प्रसिद्ध आहे. देवदूताचा निरोप ऐकून एक गाव रात्री जागे होते आणि गव्हाणीकडे निघते, एवढेच त्याचे कथानक. परंतु वाटेत दारूचा शौकीन धारवाला आहे, भित्रा नोकर आहे, सतत भांडणारे जूर्दां व मार्गारिदो हे म्हातारे जोडपे आहे. गव्हाणीपाशी आंधळ्याला दृष्टी येते, भांडणारे समेट करतात, भटक्याला पश्चात्ताप होतो. नाताळ ते जानेवारीअखेर गावोगावच्या हौशी मंडळ्या ही व अशीच इतर नाटके करीत आल्या. कोकणातील दशावतारात जसे सोंग ओळखीचे असते आणि तरी लोक रात्रभर बसतात, तसेच हे. घरच्या गोठ्यातील बोटभर धारवाला रंगमंचावर बोलू लागला, की मुलांना तो आपल्याच घरचा वाटतो.

घरातील नाताळाचा आरंभ तेथे ४ डिसेंबरला, संत बार्बराच्या दिवशी होतो. तीन बशांत ओल्या कापसावर गहू रुजत घालतात. नाताळापर्यंत ते हिरवेगार वाढले, तर वर्ष चांगले जाणार असे मानतात. ती कोवळी हिरवळ पुढे गोठ्याभोवती ठेवतात. गोव्यात आणि वसईच्या खेड्यांतही गोठ्यासाठी धान्य रुजत घालण्याची चाल आहे. दोन दूरच्या किनाऱ्यांवरील आयांना एकच गोष्ट सुचावी, याचे आम्हांला कौतुक वाटते. २४ डिसेंबरच्या रात्री मेजावर एकावर एक तीन पांढऱ्या चादरी अंथरून तीन मेणबत्त्या लावतात. फळझाडाचा एक ओंडका घरातील सर्वांत वृद्ध माणूस आणि सर्वांत लहान मूल मिळून चुलीपाशी आणतात. त्यावर मद्य शिंपडून तो पेटवितात. या विधीला 'काचो-फियो' म्हणतात. सुके अंजीर, मनुका, बदाम, अक्रोड, नुगा अशी तेरा गोडे प्रभू येशू व त्याचे बारा शिष्य यांच्या स्मरणार्थ मांडतात. तेरा हा आकडा मात्र विसाव्या शतकातच पक्का रूढ झाला. मध्यरात्रीपर्यंत गव्हाणी रिकामी असते. मिस्सेहून परतल्यावर घरातील धाकटे मूल तीत बाळ येशूला निजविते. राजे दूर कपाटावर असतात; ते रोज वीतभर पुढे सरकत तीन राजांच्या सणाला पोहोचतात. गोठा उचलतात तो थेट २ फेब्रुवारीला, मेणबत्त्यांच्या सणानंतर.

ज्याच्या मूर्तींनी ही सारी घरे सजतात, त्या कारागिराचा नाताळ मात्र निराळा असतो. गणेशचतुर्थीच्या आदल्या पंधरवड्यात पेणच्या मूर्तिकाराला जशी झोप नसते, तशी याला नोव्हेंबर-डिसेंबरात नसते. वर्षभर साचे भरायचे, वाळवायचे, रंगवायचे, आणि सहा आठवड्यांत विकायचे. हा धंदा कुटुंबाचा आहे. बाप साच्यातून मूर्ती काढतो, घरातील बायका रंगकाम करतात, मुले आधी मेंढरे रंगवून हात बसवितात. मार्सेयपासून जवळच असलेले ओबान्य हे गाव कुंभारकामासाठी पूर्वापार प्रसिद्ध. तेथील तेरेझ नव्हो (१८६६-१९४६) या कुंभाराच्या लेकीने सांतों भट्टीत भाजण्याची पद्धत रूढ केली. सांतोंचा ठिसूळपणा त्यामुळे गेला आणि तो दूरदेशी जाऊ लागला. एक्स शहरातील पॉल फूक यांनी १९५२ साली 'मिस्त्रालचा झपाटा' नावाची मूर्ती घडविली. मिस्त्राल हा त्या प्रदेशात उत्तरेकडून येणारा बोचरा वारा. एका हाताने टोपी सावरीत वाऱ्याला छाती देऊन निघालेला, झगा मागे उडत असलेला तो मेंढपाळ पाहिला, की नाताळची थंडी अंगाला लागते. शुभवर्तमानात या वाऱ्याचा उल्लेख नाही. पण प्रोव्हान्सच्या माणसाला गव्हाणीकडे जायचे, तर त्याच वाऱ्यातून जावे लागते, हे फूक यांनी ओळखले.

येथपर्यंत आम्ही सांतोंची थोरवी गायिली. आता एक अडचण सांगणे भाग आहे. या मूर्तींचा पोशाख साधारणपणे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातला आहे, आणि तो तेथेच थांबला आहे. लान्येलच्या काळी धारवाला आणि मोळीवाली हे खरोखरीचे शेजारी होते. त्यांच्याकडे पाहूनच मूर्ती घडत होत्या. आता पाणचक्कीचा गिरणीवाला कोणाच्या शेजारी राहतो? मार्सेयच्या गोदीवर राबणारा अल्जीरियाचा मजूर, आगगाडीचा कामगार, इस्पितळातील परिचारिका हे त्या गावात क्वचितच दिसतात. जी कला एके काळी शेजाऱ्याला गोठ्यात घेऊन आली, तीच पुढे गेलेल्या दिवसांची हुरहूर जपणारी झाली. यात दोष केवळ कारागिराचा नाही. घेणाराही जुनीच मूर्ती मागतो. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी १ डिसेंबर २०१९ रोजी ग्रेच्चो येथे जाऊन गोठ्याविषयी एक पत्र प्रसिद्ध केले. लोहार, पाववाला, पाणी भरणाऱ्या बायका, खेळणारी मुले यांनाही गोठ्यात स्थान आहे, असे त्यात त्यांनी आवर्जून म्हटले. या विचारामागे संत फ्रान्सिसांचे ग्रेच्चो आहे, आणि लान्येलच्या साच्यातही तोच विचार आकाराला आला होता, असे आम्हांस वाटते.

हे सारे आपल्यापासून फार दूरचे नाही. येशूची कथा आपल्या मातीच्या भाषेत सांगण्याची परंपरा आपल्याकडे १६१६ सालापासून आहे. फादर स्टीफन्स यांनी 'ख्रिस्तपुराण' रचले ते साष्टीच्या लोकांसाठी, मराठी ओवीत. मातीची माणसे करण्याची परंपराही आहेच. दिवाळीत अंगणात मुले किल्ला करतात, त्यावर महाराजांबरोबर मावळे असतात, तशी गवळण आणि भाजीवालीही असते. या दोन परंपरांचा वारसा लाभलेल्या आपल्या गोठ्यात मात्र पाहावे, तर बाजारातून आणलेले, परदेशी चेहऱ्यांचे, एकाच साच्यातले मेंढपाळ उभे. दिव्यांच्या माळा आणि कारंजी दरवर्षी वाढतात, पण गव्हाणीकडे आपल्या गावातला एकही माणूस निघालेला दिसत नाही. काही ठिकाणी रहाट, बैलगाडी आणि लुगडे नेसलेली बाई ठेवतात. त्याचे आम्ही स्वागतच करतो. परंतु प्रोव्हान्सचा अनुभव सांगतो, की तेवढ्यावर थांबलो, तर आपलाही गोठा स्मरणरंजनाचे दालन होईल. रहाट गेले, बैलगाड्या गेल्या. पहाटेच्या गाडीने फुलांच्या करंड्या घेऊन दादरला जाणारी बाई आजही जाते. मासळीची पाटी घेऊन दारी येणारी कोळीण, पायाड बांधणारा परप्रांतीय मजूर, म्हाताऱ्यांची शुश्रूषा करणारी मुलगी, आणि गावात ज्याची टवाळी होते तो आपला राव्ही, हे सारे आपल्या आळीतच आहेत. त्यांपैकी कोणी सुकेळी आणील, कोणी फुले आणील, कोणी काहीच आणणार नाही.

म्हणून आमची एक लहानशी सूचना आहे. यंदा माळ्यावरचे खोके खाली उतरेल, तेव्हा घरातील मुलांच्या हाती मातीचा एक गोळा द्यावा आणि आपल्या आळीतील एक माणूस घडवायला सांगावे. तो ओबडधोबड होईल, कदाचित वाळताना त्याचा हात तुटेल. लान्येलच्या मूर्तीही ठिसूळच होत्या. कोणाला घडवायचे, हे मात्र मुलांनाच ठरवू द्यावे. त्यांनी कोणाची निवड केली, हे पाहून थोरांना पुष्कळ काही कळेल. आणि नाताळ सरल्यावर सर्व मूर्ती कागदांत गुंडाळून ठेवताना, त्या मूर्तीच्या तळाशी ती घडविणाऱ्याचे नाव आणि साल लिहून ठेवण्यास विसरू नये.